पाहणारी प्रतिमा

मराठी समीक्षेत 'प्रतिमा' हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. इंद्रियसंवेदना जागी करणारे शब्दचित्र ते प्रतिमा आणि स्वतःपलीकडच्या अर्थाकडे निर्देश करणारी वस्तू ते प्रतीक, एवढी विभागणी केली की समीक्षकाचे काम भागते. परंतु समीक्षेच्या परिभाषेत येण्यापूर्वी प्रतिमा देवघरात होती. तिच्यापुढे दिवा लागत असे, आणि तिला पाहणाऱ्याला आपणही पाहिले जात आहोत असा भरवसा असे. हा जुना अर्थ बाजूला पडल्यामुळे कलाविचाराची एक अडचण झाली आहे. पूजेची प्रतिमा कलाकृती म्हणून आपल्यासमोर येते तेव्हा तिच्यातले नेमके काय निसटते, हे सांगणारी भाषाच आपल्यापाशी उरलेली नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या आयकॉन-चित्रणाचा विचार मराठी वाचकाने का करावा, याचे एक उत्तर या अडचणीत आहे.

हा प्रश्न केवळ बिझँटियमचा किंवा रशियाचा नाही. आधुनिक भारतीय चित्रकलेत तो ज्या भूमीवर विशेष स्पष्टपणे उभा राहिला, ती भूमी कोलकात्याची. सियालदह स्थानकापासून पश्चिमेकडे निघणारा जुना बऊबाजारचा रस्ता, आजचा बिपिनबिहारी गांगुली स्ट्रीट, हा त्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. सरकारी कलाशाळा १८९२ साली चौरंगीवरील संग्रहालयाशेजारी जाण्यापूर्वी याच रस्त्यावर होती. पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन यांचे शिक्षण तेथे मिळे. त्या शिक्षणातून तयार झालेल्या अन्नदाप्रसाद बागची प्रभृती चित्रकारांनी १८७८ साली 'कलकत्ता आर्ट स्टुडिओ' काढला तोही याच रस्त्यावर. तेथून निघालेल्या देवदेवतांच्या शिळाछापांनी बंगालातील घराघरांतील भिंती व्यापल्या. महाराष्ट्रात १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने हेच कार्य केले. देव आता खोलीत उभे राहिले. त्यांच्या पायांशी सावली पडू लागली. त्यांच्या पाठीमागे दूर जाणारा देखावा आला. भक्ताने खिडकीतून डोकावून पाहावा, तसा देवाचा प्रसंग दिसू लागला. चित्रकलेच्या दृष्टीने ही प्रगती मानली गेली. परंतु देव आणि भक्त यांच्यातील दृष्टीचा संबंध या प्रगतीत बदलला, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

त्याच रस्त्याच्या सियालदहकडील टोकाला, बैठकखाना भागात, दुःखी मातेचे कॅथलिक देऊळ आहे. दुःखी मातेचे चित्रण पश्चिमेकडील ख्रिस्ती कलेत पुष्कळदा हृदयात रुतलेल्या तलवारींनी केले जाते. दुःख तेथे दृश्य घटना होऊन समोर येते, आणि पाहणाऱ्याच्या मनात करुणा जागी करणे हे त्या चित्राचे साध्य असते. याच्या शेजारी बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडलेले आणि पुढे रशियात गेलेले 'व्लादिमीरची माता' हे आयकॉन ठेवून पाहावे. बालक मातेच्या गालाला गाल लावून तिच्याकडे पाहत आहे. माता मात्र बालकाकडे पाहत नाही. ती समोर उभ्या असलेल्याकडे पाहते. तलवार नाही, अश्रू नाही, कसली घटनाही नाही. पुढे होणाऱ्या वधाचे ज्ञान त्या डोळ्यांत आहे आणि ते ज्ञान ती पाहणाऱ्यावर सोपवते. पहिल्या प्रकारात आपण तिची कीव करतो. दुसऱ्या प्रकारात तिच्या दृष्टीखाली उभे राहतो. आयकॉनचे सारे शास्त्र या भेदातून समजून घेता येते.

'ऐकॉन' या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रतिमा एवढाच. परंतु या शब्दावरून ख्रिस्ती पूर्वेत शतकाहून अधिक काळ संघर्ष झाला. आठव्या शतकात बिझँटिन सम्राटांनी प्रतिमाभंजनाचे धोरण स्वीकारले. ७८७ साली निकाया येथील धर्मपरिषदेने प्रतिमांना मान्यता दिली. नवव्या शतकात पुन्हा भंजन सुरू झाले आणि ८४३ साली प्रतिमांची अखेरची प्रतिष्ठापना झाली. हा वाद केवळ राजकीय नव्हता. दमास्कसचा योहान याचा युक्तिवाद असा होता की, अदृश्य ईश्वराचे चित्र काढता येत नाही हे खरे. परंतु तो देह धारण करून माणसांत वावरला असेल, तर त्याचे चित्र नाकारणे म्हणजे अवतारच नाकारणे होय. विरोधक म्हणत की, चित्रात एकतर केवळ मानवी अंश येईल, किंवा अमर्याद ईश्वराला मर्यादेत कोंडल्याचे पाप लागेल. स्टुडिओस मठाचा थिओडोर याने या पेचाला उत्तर दिले. चित्र मानवी किंवा दैवी स्वभावाचे निघत नाही, ते व्यक्तीचे निघते, असे त्याचे प्रतिपादन. म्हणूनच आयकॉनवर चित्रित व्यक्तीचे नाव लिहिणे आवश्यक ठरले. नावाने ते लाकूड त्या व्यक्तीशी बांधले जाते; आणि दिलेला मान लाकडापाशी न थांबता मूळ व्यक्तीकडे जातो, असे निकायाच्या परिषदेने सांगितले. आराधना केवळ ईश्वराची, प्रतिमेला केवळ आदराचे वंदन, हा विवेकही तिनेच स्थिर केला.

येथे भारतीय वाचकाला आपल्या परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य पाहताना भेद बुजवू नये. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा केली जाते. आवाहनानंतर देव त्या विग्रहात येऊन राहतो आणि त्याला स्नान, नैवेद्य, शेज असे उपचार केले जातात. आयकॉनमधील लाकूड लाकूडच राहते. तेथे संत किंवा ख्रिस्त वस्तीला येत नाही. सारूप्य आणि नाम यांच्या आधारे तो भेटतो. दोन्हींतील सामाईक भूमी दर्शनाची आहे. पंढरपूरचा विठोबा विटेवर उभा आहे, हात कमरेवर आहेत, आणि तो काहीही करीत नाही. राक्षस मारण्याचा किंवा पर्वत उचलण्याचा प्रसंग तेथे नाही. समोर येणाऱ्याकडे तोंड करून उभे राहणे हीच त्याची कृती आहे. वारकरी पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन असा भेद करतो, आणि दुरून का होईना, मुख पाहिल्याने वारी पोचली असे मानतो. आयकॉनमधील मुखांना समोरून दाखवण्याचा जो आग्रह आहे, त्याचे मर्म अशा माणसाला पांडित्याशिवाय कळावे. एकचश्मी चेहरा आयकॉनमध्ये सहसा यहुदासारख्या द्रोह्याच्या किंवा सैतानाच्या वाट्याला येतो; कारण ज्याचा एकच डोळा दिसतो त्याच्याशी दृष्टादृष्ट होत नाही. आपल्या पैठणच्या पोथीचित्रांत वीर आणि राक्षस दोघेही बहुतांशी एकचश्मी असतात, आणि तेथे ते योग्यच आहे. ती चित्रे कथा सांगण्यासाठी आहेत आणि कथेतील पात्रांनी परस्परांकडे पाहायचे असते.

आयकॉन 'लिहिले' जाते, असा ग्रीक आणि रशियन भाषांतील प्रयोग आहे. बंगालमधील पटुआही पट 'लिहितो' असेच म्हणतात, आणि संस्कृतातील 'आलेख्य' हा चित्रवाचक शब्द 'लिख्' धातूपासूनच आलेला आहे. या प्रयोगामागे अर्थ आहे. लिहिणारा मजकूर नव्याने शोधीत नाही. परंपरेने दिलेला पाठ तो शुद्ध अक्षरात उतरवतो. त्याची पद्धत ठरलेली आहे. लाकडी फळीवर कापड चिकटवून खडू व सरस यांचे पांढरे अस्तर अनेक थरांनी चढवले जाते. सोन्याचा वर्ख बसवला जातो. मग अंड्याच्या बलकात घोटलेले रंग लावायचे, तेही गडदाकडून उजेडाकडे. मुखाचा पहिला थर मातकट, जवळजवळ काळोखा असतो, आणि त्यावर एकेक फिका थर देत चेहरा वर आणला जातो. वस्तूवर बाहेरून पडणारा प्रकाश येथे नाही. म्हणून आयकॉनमध्ये पडछाया नसते. सोन्याची पार्श्वभूमी आकाशाच्या जागी आलेली नाही. ती अनादी, अनिर्मित प्रकाशाची खूण आहे. ताबोर पर्वतावर शिष्यांना ख्रिस्ताचे जे तेजोमय रूपांतर दिसले, त्याच प्रकाशाविषयी चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास याने विस्ताराने विवेचन केले, आणि नव्या आयकॉनकाराने पहिले चित्र रूपांतराचे काढावे असा संकेत सांगितला जातो. वस्त्रांचे रंगही सहेतुक आहेत. ख्रिस्ताचे आतले वस्त्र तांबडे आणि वरचे निळे असते. मातेचे आतले निळे आणि वरचे गडद तांबडे. ईश्वराने मानवत्व पांघरले आणि मानवी स्त्रीने दैवी कृपा पांघरली, असा अर्थ या अदलाबदलीत वाचला जातो.

या साऱ्या संकेतांत सर्वांत दूरगामी संकेत अवकाशाचा आहे. आयकॉनमधील चौरंग, ग्रंथ, इमारती यांच्या कडा दूर जाताना परस्परांजवळ येण्याऐवजी फाकत जातात. अनेक पाश्चात्त्य अभ्यासकांनी याला अज्ञान म्हटले. पाव्हेल फ्लोरेन्स्की या रशियन धर्मगुरू व गणितज्ञाने १९१९ साली लिहिलेल्या निबंधात याला 'उलटे यथार्थदर्शन' म्हणून ते जाणूनबुजून स्वीकारलेले आहे असे दाखवले. (पुढे १९३७ साली सोव्हिएत राजवटीने फ्लोरेन्स्कीला गोळ्या घालून ठार केले.) रेनेसाँसच्या चित्रात रेषा मिळतात तो बिंदू चित्राच्या खोलीत असतो आणि पाहणाऱ्याचा डोळा हे त्या विश्वाचे केंद्र असते. आयकॉनमध्ये रेषा पाहणाऱ्याच्या दिशेने एकत्र येतात. केंद्र चित्राच्या आत आहे आणि पाहणारा त्याच्या दृष्टिक्षेत्रात आला आहे. आंद्रेई रुब्ल्योव्हच्या 'त्रैक्य' या पंधराव्या शतकातील आयकॉनमध्ये तिन्ही देवदूत आपल्याकडे पाहत नाहीत, हे वरवर या विवेचनाला बाधक वाटेल. परंतु त्यांच्यामधील चौरंगाची आपल्याकडील बाजू मोकळी ठेवलेली आहे. दृष्टीचे काम तेथे रिकाम्या जागेने केले आहे. पाहणाऱ्याने तेथे येऊन बसावयाचे आहे.

आता मराठी सौंदर्यविचारातील एका कळीच्या मुद्द्याकडे वळणे प्राप्त आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्यमूल्य आधारले आणि कलेला धर्म, नीती, उपयुक्तता यांच्या दावणीतून सोडवले. ही सोडवणूक आवश्यक होती. या तत्त्वांच्या आधारे आयकॉनमधील वक्ररेषांचे संवाद, तांबड्यानिळ्यांचे विरोध आणि आकृतीचा समतोल यांचे विश्लेषण उत्तम होऊ शकेल. प्रार्थना ही चित्रकाराच्या चरित्रातील गोष्ट आहे, चित्रातील नव्हे, असेही या भूमिकेवरून म्हणता येईल. आयकॉनच्या बाबतीत ही मांडणी नेमकी याच ठिकाणी अपुरी पडते. तेथे प्रार्थना ही निर्मात्याची भावना म्हणून नव्हे, तर रचनेचा घटक म्हणून उपस्थित असते. डोळ्यांचा आकार, मुखाची समोरची ठेवण, उलटे यथार्थदर्शन, मोकळी ठेवलेली बाजू, हे सारे समोर कोणीतरी उभे आहे असे गृहीत धरून रचलेले आहे. सोन्याचा वर्ख हलत्या ज्योतीसाठी आहे. ज्योत हलली की पार्श्वभूमी उजळते व विझते आणि मुख त्यातून पुढे येते. विजेच्या स्थिर प्रकाशात तेच सोने पिवळा सपाट रंग होऊन बसते. म्हणजे आयकॉनसमोरून प्रार्थना काढून घेतली तर केवळ त्याचा उपयोग जात नाही, त्याचे रूपही काही अंशी अपुरे राहते. प्रार्थनेचा हा मुद्दा म्हणून समीक्षेच्या कक्षेत येतो. तो श्रद्धेचा प्रांत म्हणून सोडून देता येत नाही.

या कसोटीवर जामिनी राय (१८८७–१९७२) यांची ख्रिस्तचित्रे घासून पाहणे उद्बोधक ठरते. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय सोडला, बांकुड्यातील आपल्या बेलियातोड गावच्या पटांकडे आणि कालीघाटच्या पटांकडे तो वळला, आणि माती, काजळ, वनस्पती यांचे रंग चिंचोक्याच्या खळीत कालवून काम करू लागला. स्वतः ख्रिस्ती नसताना त्याने क्रूसारोहण, अखेरचे भोजन, मिसरकडे प्रयाण हे विषय वारंवार हाताळले. त्यांतील समोरून दाखवलेली मुखे, मोठे टोकदार डोळे, जाड बाह्यरेषा आणि छायारहित सपाट रंग पाहून अनेकांना बिझँटिन आयकॉनचे स्मरण झाले. हे साम्य उसनवारीचे नाही आणि त्यामुळेच मोलाचे आहे. पटुआची शिस्त पत्करणाऱ्याला तीच शिस्त आयकॉनकाराच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेली. एकच चित्र पुनःपुन्हा काढणे, घरच्यांना व शिष्यांना सोबत घेऊन कारखाना चालवणे, एकमेव कृतीचा गर्व टाकणे, या गोष्टीही आयकॉनच्या परंपरेला जवळच्या आहेत.

तथापि उंबऱ्याच्या आत जामिनी राय गेले नाहीत. त्यांच्या ख्रिस्ताचे डोळे मोठे आहेत, परंतु ते अलंकरणाच्या नियमाने मोठे आहेत. त्याच वळणाचे डोळे संथाळ स्त्रीला आहेत, मांजरालाही आहेत. ते पाहणाऱ्याला धरून ठेवीत नाहीत. रेषेच्या लयीत सामावून जातात. हे चित्र बैठकीच्या भिंतीवर, समान उजेडात, काहीही न गमावता पूर्ण असते. मर्ढेकरांचे निकष त्याला पूर्णपणे लागू पडतात, आणि ते उत्तम चित्र आहे याचाच हा पुरावा होय. मात्र त्याला आयकॉन म्हणणे हे चित्र आणि आयकॉन या दोहोंवर अन्याय करणारे आहे.

याच्या उलट उदाहरण गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे. त्यांनी अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्यापाशी बंगालात शिक्षण घेतले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाशी त्यांचे जीवन जोडले गेले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिला भारतीय स्त्रीचा वर्ण व ठेवण दिली. पोर्तुगीज गोव्यातील अनेकांना हे रुचले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला मराठी संतांच्या वाणीचे वळण दिले. तेच फोन्सेकांनी रंगांत करू पाहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यांची चित्रे श्रद्धेतून आलेली आहेत आणि श्रद्धेसाठी आहेत. परंतु त्यांचा रूपबंध बंगाल-संप्रदायाच्या जलरंगांतला, धूसर आणि भावगीतात्म आहे. त्यांच्या मरियेच्या पापण्या बहुधा झुकलेल्या असतात. ती आपल्या प्रार्थनेत मग्न आहे आणि आपण एका प्रार्थना करणाऱ्या स्त्रीला पाहतो. हे दर्शन कोमल आहे, खरे आहे. पण त्यात दृष्टादृष्ट नाही. जामिनींपाशी आयकॉनचे रूप आहे आणि प्रार्थना नाही. फोन्सेकांपाशी प्रार्थना आहे आणि आयकॉनचे रूप नाही. दोघांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही; पण आयकॉनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, हे या तुलनेने स्पष्ट होते.

सियालदहचे नाव या विचारात आणखी एका कारणाने येते. १९४७नंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचे लोंढे याच स्थानकाच्या फलाटांवर उतरले, आणि त्यांतील कितीतरी कुटुंबांनी घर, शेत, भांडीकुंडी सोडून आपले देव मात्र बरोबर आणले होते. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात १९२३ साली लोकसंख्येची अदलाबदल ठरली, तेव्हा आशिया मायनरमधील ग्रीकांनीही आयकॉने उराशी धरून समुद्र ओलांडला. सुमेला मठातील मातेचे आयकॉन मठवासी साधूंनी पुरून ठेवले आणि १९३१ साली ते उकरून ग्रीसमध्ये नेण्यात आले. एका गाठोड्यात मावेल तेवढेच न्यायचे असते, तेव्हा माणूस सौंदर्यमूल्य मोजीत नाही. ज्याच्या नजरेखाली आयुष्य गेले त्याला मागे सोडवत नाही म्हणून तो त्याला उचलतो. कोणत्याही कलासिद्धान्ताला या निवडीचा अर्थ लावता आला पाहिजे.

कोलकात्यातच याची उलट बाजूही घडली. तेथील ग्रीक व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात आमडातला भागात आपले देऊळ बांधले. पुढे १९२४–२५ साली कालीघाटला, पटुआंच्या जुन्या वस्तीपासून जवळच, प्रभूच्या रूपांतराला वाहिलेले नवे देऊळ उभे राहिले. ग्रीक समाज हळूहळू निघून गेला आणि १९७२च्या सुमारास ते बंद पडले. पुढे सुमारे दोन दशकांनी ते पुन्हा उपासनेसाठी उघडले. निर्वासितांनी प्रतिमा नेल्या. येथे माणसे गेली आणि देऊळ राहिले. देवळाचे दार बंद असेल, समोर ज्योत नसेल, कोणी उभे नसेल, तेव्हा आयकॉन हे आयकॉन राहते काय? धर्मशास्त्र होय म्हणेल. नाव आणि सारूप्य तेथे आहेतच. रूपाचा विचार करणाऱ्याला मात्र म्हणावे लागेल की, त्या काळात ते अपुरे असते. मोकळ्या ठेवलेल्या बाजूला कोणीच बसलेले नसते.

रशियात हाच प्रश्न अलीकडे तीव्र स्वरूपात पुढे आला. रुब्ल्योव्हचे 'त्रैक्य' सुमारे शतकभर मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात राहिले. २०२२ साली ते काही दिवसांसाठी मूळ मठात नेण्यात आले आणि २०२३ साली शासनाने ते धर्मसंस्थेच्या स्वाधीन करण्याचे ठरवले. जतनतज्ज्ञांनी लाकडाच्या आणि रंगथरांच्या नाजूक अवस्थेकडे बोट दाखवून तीव्र आक्षेप घेतला. सत्तेचे हेतू या निर्णयात नव्हते असे कोणी म्हणणार नाही, आणि नष्ट झालेल्या आयकॉनसमोर प्रार्थना करता येत नाही हेही तितकेच खरे. परंतु संग्रहालयात ते संपूर्ण सुरक्षित होते असे म्हणताना, त्याचा कोणता भाग सुरक्षित होता, हे विचारलेच पाहिजे. तज्ज्ञ फळी वाचवीत होते. तिच्यापुढील जागा वाचवणे हे त्यांचे काम नव्हते. समीक्षेला मात्र दोहोंचा हिशेब ठेवावा लागेल.

मराठी समीक्षेला हा हिशेब परका नसावा. कारण तिच्या घरातच त्याचे उदाहरण आहे. अभंग हा टाळ-मृदंगाच्या साथीने, उभ्या असलेल्या समुदायाने, विठोबाच्या समोर म्हणण्यासाठी रचला गेला. छापील गाथ्यात तो आत्मपर भावकविता होतो आणि तिच्या प्रतिमांचे सूक्ष्म विश्लेषण होऊ शकते. ते झालेच पाहिजे. परंतु धृपदाची पुनरावृत्ती, चरणांचा आखूडपणा, थेट संबोधन, अखेरची नाममुद्रा, हे सारे कोणासमोर आणि कोणासह म्हणायचे यावर बेतलेले आहे. ते संदर्भ म्हणून तळटीपेत ढकलले तर अभंगाच्या रूपाचाच काही भाग वाचायचा राहून जातो. आयकॉनच्या अभ्यासाने हे ध्यानी आणून दिले, तर 'प्रतिमा' हा शब्द काव्यचर्चेत वापरताना तो मुळात देवघरातून आला आहे, याची आठवण ठेवणे समीक्षकाला अवघड जाऊ नये.